पहिल्या गिऱ्हाइकाचे धाडस

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर लेखक बोलले, प्राध्यापक बोलले, न्यायमूर्ती बोलले. मी ओतकाम करणारा माणूस आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीला आमची फाउंड्री आहे. लोखंड वितळवायचे, साच्यात ओतायचे, थंड झाले की झाडून, घासून, तपासून पाठवायचे, हे काम वडिलांच्या हाताखाली सुरू केले आणि अजून करतो आहे. संयोजकांनी मला उद्योजकाचे धाडस आणि उद्याचे तंत्रज्ञान यावर बोलायला सांगितले आहे. जे पाहिले, जे सोसले आणि ज्याचा विचार करत आलो, त्याच्या आधारे बोलतो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गुरुजी आम्हाला तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवायचे. पहिले कित्येक महिने त्यांनी आमच्या हातात फक्त कानस दिली. लोखंडाचा एक तुकडा घ्यायचा आणि त्याच्या चारी बाजू काटकोनात आणायच्या. तुकड्याला गुण्या लावून गुरुजी तो खिडकीकडे धरायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत आमच्या हातात. एकदा मी कंटाळून विचारले, "सर, एवढ्याशा फटीनं काय बिघडतं?" ते म्हणाले, "हा तुकडा ज्याच्या यंत्रात बसेल, त्याच्यापाशी तू उभा असणार नाहीस. त्याला या तुकड्यावरच विश्वास ठेवायचा आहे." त्या वयात मला ते फक्त कानशीबद्दलचे बोलणे वाटले. ते सगळ्या उद्योगाबद्दलचे होते, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

सुरुवात आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीने करतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापायचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. हा नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

ही गोष्ट सांगताना आपण शेतकऱ्याला अडाणी ठरवून पुढे जातो. मला ते पटत नाही. त्या काळचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे. फाळ बोथट झाला तर लोहार शेवटून देई, आणि मोबदला बलुत्यात, धान्याच्या रूपाने जाई. पेरणीआधी नांगर मोडला तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेतात उभा राहत असे. आता त्याला कोणी सांगते, हा लोखंडी नांगर घे, रोख पैसे दे. तो मोडला तर फाळ कोण देणार? बेळगावला जायचे? तोवर वाफसा थांबेल का? जमिनीत विष कालवले जाते हे बोलून दाखवायचे कारण असेल. पोटातली भीती वेगळी असणार, असे मला वाटते. नांगर करणाऱ्याचे भांडवल अडकत होते, घेणाऱ्याचा सबंध हंगाम पणाला लागत होता. दोघांत मोठी जोखीम कोणाची होती?

म्हणून आज मला ज्याची बाजू मांडायची आहे, ते पहिले गिऱ्हाईक आहे. नवी वस्तू कोणी केली, हे आपण लक्षात ठेवतो. ती पहिल्यांदा कोणी विकत घेतली, हे विसरतो. नवी वस्तू तयार होणे आणि तिच्यावर विश्वास बसणे, यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असते. कारखाना बुडायचा असला तर याच वर्षांत बुडतो. या वर्षांचा भार कोण उचलतो, त्यावर नवे तंत्रज्ञान त्या मातीत रुजेल की नाही हे ठरते.

लक्ष्मणरावांच्या बाबतीत हा भार अनेकांनी वाटून घेतला. बेळगावात नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन निवडुंगाने आणि सापांनी भरलेली होती. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी होते. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखी माणसे आली. पदवीपेक्षा हात आणि निष्ठा पाहून निवडलेली ही माणसे होती, आणि त्यांनी आपले आयुष्य एका माळरानावर पणाला लावले. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याची खबर गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठी निघालेले ते पत्र पुढे मराठीतले मोठे मासिक झाले. नांगर करणाऱ्या कारखान्याला मासिक कशासाठी लागावे? गिऱ्हाइकाशी सतत बोलत राहायचे, त्याची शंका फेडायची, हा त्या कारखान्याच्या कामाचाच भाग होता म्हणून.

आता त्याच पिढीतला दुसरा माणूस पाहा. शंकर आबाजी भिसे मुंबईत १८६७ साली जन्मले, म्हणजे लक्ष्मणरावांहून दोन वर्षांनी थोरले. बुद्धी अशी की पुढे लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागले. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची त्यांची कल्पना लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पहिली आली. ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, पैसे दिले. छापखान्यासाठी शिशाचे टाइप ओतणारे 'भिसोटाइप' हे यंत्र त्यांनी केले. त्या काळच्या यंत्रांपेक्षा ते कितीतरी वेगाने टाइप ओतत असे. दादाभाईंचे बळ संपत आले तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटांनी हात दिला. पुढे तोही आधार सुटला. भिसे अमेरिकेत गेले, तिथेही नवनवे करत राहिले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. आज महाराष्ट्रात त्यांच्या नावाचा कारखाना नाही, त्यांच्या यंत्रावर हात बसलेली कारागिरांची परंपरा नाही.

मी ओतारी आहे, म्हणून भिशांचे आयुष्य वाचताना पोटात तुटते. त्यांचे यंत्रही धातू ओतणारेच होते. बुद्धीत ते कोणापेक्षा उणे नव्हते, आणि दादाभाई, गोखले, टाटा यांच्याहून मोठ्या मनाची माणसे कोणाला मिळणार? पण प्रत्येक वेळी सगळा भार एकाच थैलीवर पडला. ती थैली रिकामी झाली की काम थांबले. यंत्र लंडनमध्ये, ते घेणारे छापखानेही परक्या देशातले. आपल्या मातीत त्याची दुरुस्ती करणारा लोहार नव्हता, ते आपल्या छापखान्यात पहिल्यांदा लावून पाहणारा मालक नव्हता. नांगराला अखेर शेतकरी भेटला. टाइपच्या यंत्राला आपल्याकडे गिऱ्हाईक भेटले नाही.

हेच उलट बाजूने पाहायचे तर प्रवरानगर पाहा. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांनी स्वतः भागभांडवल जमवले आणि १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखर कारखाना म्हणजे त्या काळचे भारी तंत्रज्ञान. एकट्या शेतकऱ्याने त्याचे स्वप्नही पाहिले नसते. पण तिथे पैसे घालणारा, ऊस देणारा आणि नफ्यातोट्यात वाटेकरी होणारा माणूस एकच होता. जोखीम शेकडो उंबऱ्यांवर वाटली गेली, म्हणून कोणत्याही एका घराचे छप्पर उडाले नाही. पुढच्या काळात सहकारात काय बिघडले, हे आपण सारे जाणतो. पण त्या आरंभातली अक्कल विसरण्याजोगी नाही.

आता माझ्या कामाकडे येतो.

आमच्या जिल्ह्यातली फाउंड्री वाढली ती ऑइल इंजिनामुळे. विहिरीवर आणि उसाच्या गुऱ्हाळावर इंजिन चाले, त्याची फ्लायव्हील, सिलिंडर, हेड आमच्याकडे ओतली जात. वडिलांच्या काळी कुपोला भट्टी होती. कोक, चुनखडी आणि भंगार यांचे थर लावायचे, वारा द्यायचा, खालून लाल पाणी यायचे. मग खेड्यात वीज पोचली, विहिरीवर मोटर बसली, आणि इंजिनाची मागणी ओसरू लागली. वडिलांनी त्या काळात एक वाक्य सांगितले ते मी जपून ठेवले आहे: "शेतकऱ्याला इंजिन नको होतं, पाणी हवं होतं." ज्या विहिरीवर आजोबांनी मोट पाहिली, वडिलांनी इंजिन पाहिले, मी मोटर पाहिली, त्याच विहिरीवर आज माझा मुलगा सौर पंप पाहतो आहे. साधन तीनदा बदलले. पाणी वर काढायचे आहे, ही गरज तशीच राहिली. तंत्रज्ञानाचे भविष्य ओळखायची माझ्याजवळ एवढी एकच रीत आहे. गरज कोणती ते ओळखायचे, आणि आजच्या साधनाच्या प्रेमात पडायचे नाही.

आम्ही गाड्यांच्या कास्टिंगकडे वळायचे ठरवले. इंडक्शन फर्नेस घेतली. त्यासाठी बँकेकडे घर गहाण ठेवले. पहिला लॉट गेला आणि निम्म्याहून अधिक माल परत आला. मशिनिंग करताना आतून ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, निघत होती. महिनाभर कारण सापडेना. धातूची रचना बरोबर, तापमान बरोबर, चौदाशे अंशांच्या आसपास. आमचे हेडमोल्डर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी मोल्डिंगची वाळू मुठीत आवळली, तो गोळा मधोमध मोडला, तुटलेली कड पाहिली आणि म्हणाले, "मालक, दुपारच्या पाळीला वाळू ओली होतीय." खरेच, मिक्सरवर पाणी अंदाजाने घातले जात होते, आणि दुसऱ्या पाळीत ते जास्त पडत होते. ओली वाळू, वाफ, पोकळी. आम्ही वाळूतला ओलावा मोजायचे उपकरण घेतले, तासातासाला नोंद सुरू केली, आणि मामांना त्या नोंदवहीचे प्रमुख केले.

मी हे सांगतो कारण नवे तंत्रज्ञान आले की जुने हात टाकून द्यायचे, अशी एक घाई सुटली आहे. उपकरणाने आकडा दिला. कुठे मोजायचे हे मामांच्या मुठीने सांगितले. नव्या यंत्राला जुन्या कारागिराचे ज्ञान पाजले नाही तर ते यंत्र महागडे आंधळेपण ठरते. आणि ते ज्ञान द्यायला कारागीर तयार तेव्हाच होतो, जेव्हा त्याला खात्री असते की ते दिल्यावर आपल्याला दारातून बाहेर काढले जाणार नाही.

त्याच काळात आम्ही जवळजवळ बुडालो होतो, हेही सांगितले पाहिजे. माल चांगला जाऊ लागला, पण एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे पैसे महिनोन्महिने अडकले. वीजबिल थांबत नाही, पगार थांबत नाही. आईने पाटल्या काढून दिल्या. त्या रात्री मला जोखमीचा खरा अर्थ समजला. मी हिशेबाने जोखीम घेतली होती ती फर्नेसची. मला बुडवायला निघाली होती ती उधारी, जी मी घेतलेली नव्हती, माझ्या गळ्यात बांधली गेली होती.

म्हणून तरुण मित्रांनो, मी दोन जोखमींत भेद करतो. एक जोखीम आपण निवडतो. तिचा हिशेब मांडता येतो: किती पैसे, किती महिने, चुकलो तर काय उरेल. या जोखमीबद्दल माझा नियम साधा आहे. पडलो तर पुन्हा उभे राहता येईल, एवढ्याच उंचीवरून उडी घ्यायची, पण घ्यायचीच. दुसरी जोखीम बलवान माणूस दुबळ्याच्या खांद्यावर सरकवतो. उशिरा पैसे देणारी कंपनी ती लहान कारखानदारावर सरकवते, आणि लहान कारखानदार, म्हणजे मीही, ती कंत्राटी कामगारावर सरकवतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यात लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत, असे लिहिले आहे. कायदा चांगला आहे. पण रोजच्या व्यवहारात लहान पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार करायला धजत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच हातात असते. ज्या समाजात जोखीम अशी वरून खाली घरंगळत जाते, तिथे खालचा माणूस नवे काही करून पाहत नाही. त्याची सगळी हिंमत तग धरण्यातच संपते.

आता उद्याकडे पाहू.

विजेवर चालणारी मोटार आली आहे. तिला सिलिंडर ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. आमच्या भागातल्या अनेक फाउंड्र्यांची चूल या तीन कास्टिंगवर पेटते. ब्रेक, हब, सस्पेन्शन राहील. मोटरचे घर लागेल, पण ते बहुधा ॲल्युमिनियमचे, डाय कास्टिंगचे. पंप, ट्रॅक्टर, रेल्वे, पवनचक्की यांना ओतीव लोखंड लागतच राहील. म्हणजे ओतकाम मरणार नाही. पण जो फक्त ब्लॉक आणि हेड ओततो, त्याने आज दुसरे काही शिकायला घेतले नाही, तर ऑइल इंजिनाची गोष्ट पुन्हा घडेल. त्या वेळी बदल यायला वीस-पंचवीस वर्षे लागली होती. या वेळी तेवढी सवड मिळेल असे मला वाटत नाही.

साच्यात धातू कसा भरेल, कुठे आकसेल, हे आता ओतण्याआधी संगणकावर पाहता येते. लाकडी पॅटर्न न करता वाळूचा साचा थेट छापणारी यंत्रे आली आहेत. कॅमेरा कास्टिंगवरचा दोष शोधतो. वाळूच्या आणि धातूच्या नोंदी पाहून दोष येण्याआधी इशारा देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही फाउंड्रीत शिरते आहे. याचे मी मनापासून स्वागत करतो. ओतकाम उष्णतेचे, धुळीचे, फुप्फुस झिजवणारे काम आहे. भट्टीपुढे उभे राहून ज्यांची उमेद जळाली त्या माणसांना मी जवळून पाहिले आहे. यंत्राने तो ताप घेतला तर मला आनंदच आहे. पण त्याच माणसाला भट्टीपासून दूर नेऊन संगणकासमोर बसवायचे की घरी बसवायचे, हे यंत्र ठरवत नाही. ते आम्ही मालक ठरवतो. ते तंत्रज्ञानाच्या नावावर खपवू नये.

मग आपण काय करावे? माझी मागणी मोठी नाही. मोठ्या कंपन्यांनी लहानांचे पैसे वेळेवर द्यावेत. नव्या कल्पनांसाठी याहून मोठे अनुदान दुसरे नाही. एकेका कारखान्याला न परवडणारी साचे छापणारी यंत्रे आणि तपासणीची साधने औद्योगिक वसाहतीने मिळून घ्यावीत. प्रवरेच्या शेतकऱ्यांनी जी अक्कल उसाबाबत दाखवली, ती आपण लोखंडाबाबत का दाखवू नये? कामगाराचे नवे शिक्षण त्याच्या रात्रीच्या झोपेतून काढून न घेता कामाच्या वेळात, पगारी व्हावे. आणि ज्याचा कारखाना प्रामाणिकपणे प्रयत्न करून बंद पडला, त्याच्या घरी लग्नाची सोयरीक नाकारू नये. हसू नका. ज्या गावात अपयश पिढीजात कलंक ठरते, त्या गावात कोणी आपले डोके पुढे काढत नाही. मी अशी दोन हुशार माणसे पाहिली आहेत, ज्यांनी पुन्हा कधीच काही सुरू केले नाही, कारण नातेवाइकांचे बोलणे त्यांना कर्जापेक्षा जड झाले.

शेवटी आपल्यापैकी प्रत्येकाकडे मागणे आहे. आपण सगळे उद्योजक होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण आपण सगळे गिऱ्हाईक आहोत. नगरपालिका गिऱ्हाईक आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, सोसायटी आहे, शेतकरी आहे. गावातल्या एखाद्या मुलीने पाण्याची गळती शोधणारे साधन केले, तर ते पहिल्यांदा कोण लावून पाहील? आपली सवय अशी, की आधी ते कुठे चालले आहे ते विचारायचे. हा प्रश्न प्रत्येकाने विचारला तर ते कुठेच चालणार नाही. सगळी पाइपलाइन तिच्या हाती द्या असे मी म्हणत नाही. एक गल्ली द्या. एक हंगाम द्या. मोडले तर दुरुस्त करायला तिला येऊ द्या, आणि वेळेवर पैसे द्या.

लोखंडी नांगर पहिल्यांदा घेणाऱ्या शेतकऱ्यांचे पुतळे आपण उभारलेले नाहीत. त्यांनी एखाद्या सकाळी बैल जुंपले असतील, बांधावर शेजारी जमले असतील, कोणी मान हलवली असेल. फाळ जमिनीत उतरला तेव्हा त्या शेतकऱ्यांपाशी लक्ष्मणराव उभे नसतील. होता तो फक्त नांगर, आणि तो करणाऱ्याने फटीतून उजेड दिसू दिला नव्हता, एवढाच त्यांना आधार होता. गुरुजी कानशीवर आम्हाला जे शिकवत होते, ते या क्षणासाठी होते. करणाऱ्याने आपला तुकडा काटकोनात आणावा, आणि घेणाऱ्याने तो आपल्या शेतात एकदा चालवून पाहावा. पुढचे तास मग आपोआप पडत जातात.